कार्तिक चौकातले कार्बोरेटर

उज्जैनमधल्या माझ्या वयाच्या मराठी बायकांना कुणी विचारलं, तुम्ही काय करत होता, तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. शाळेत शिकवत होते, नाहीतर पोस्टात होते, नाहीतर घर सांभाळत होते. मला विचारलं तर मी सांगते, मोटारसायकलींचे कार्बोरेटर साफ करत होते. समोरचा माणूस हसतो, किंवा आपल्या ऐकण्यात काही चूक झाली असं त्याला वाटतं. या अंकाच्या संपादकांचंही तसंच झालं. ते आले होते आमच्या यजमानांच्या सरकारी नोकरीच्या आठवणी घ्यायला. ओट्यावर रॉकेलच्या थाळीत बुडवून ठेवलेले पितळी तुकडे पाहून त्यांनी हे काय म्हणून विचारलं, आणि यजमानांची नोकरी बाजूला राहिली. यजमान रागावले नाहीत. त्यांनीच चहा टाकला.

कार्बोरेटर म्हणजे काय ते आधी सांगते. पेट्रोल नुसतं जळून उपयोग नसतो, त्यात हवा मिसळावी लागते आणि तीही बरोबर मापात. हवा कमी पडली तर इंजिन काळा धूर ओकतं, जास्त झाली तर धापा टाकत बंद पडतं. हे मिसळण्याचं काम कार्बोरेटरचं. आमच्या वेळच्या मोटारसायकलीचा कार्बोरेटर दोन मुठींएवढा असायचा. त्याला एका बाजूला वाटीसारखं भांडं, त्यात पेट्रोल साठतं. पेट्रोलवर एक पोकळ पितळी डबी तरंगते, तिला फ्लोट म्हणतात. भांडं भरलं की फ्लोट वर येतो आणि एका बारीक सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. खाली जेट असतो, पितळेचा बोटाच्या पेरापेक्षाही लहान तुकडा, मध्ये आरपार बारीक भोक. त्या भोकात कचऱ्याचा एक कण अडकला तरी एवढं मोठं धूड रस्त्यात उभं राहतं. तो कण काढणं हे माझं काम होतं. मोटारसायकल मला कधी चालवता आली नाही.

हे काम मी शिकले माझ्या सासऱ्यांकडून. विष्णुपंत त्यांचं नाव, मी त्यांना मामंजी म्हणायची. घराणं पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेर दरबारच्या चाकरीतलं. कुणी कारकून, कुणी कोठारी. मामंजींना मात्र लहानपणापासून यंत्रांची ओढ, म्हणून ते संस्थानच्या मोटारखान्यात फिटर झाले. सरकारांची, म्हणजे महाराजांची, स्वारी उज्जैनला त्यांच्या कोठीवर यायची तेव्हा मोटारीच्या पुढे मोटारसायकलस्वार धावायचे. त्या मोटारसायकली मामंजींच्या हाताखालच्या. स्वारी चालू असताना त्यातली एकही कधी बंद पडली नाही, हे ते फार सांगायचे नाहीत, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर ऐकत बसायचे.

मी देवासहून लग्न होऊन आले तेव्हा संस्थान नुकतंच मध्यभारतात विलीन झालं होतं. मोटारखाना बंद झाला, गाड्या कुठे कुठे वाटल्या गेल्या आणि मामंजी पेन्शनीत निघाले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. यजमान कचेरीत कारकून. ते सायकलवरून कचेरीला गेले की घरात आम्ही दोघंच. मामंजी सकाळी अंगरखा चढवून, डोक्यावर पगडी ठेवून ओट्यावर बसायचे, जसे काही कोठीवरून आत्ता बोलावणं येणार आहे. बोलावणं येत नसे. दुपारी ते पगडी उतरवून खुंटीला लावायचे आणि मी पान वाढायची.

त्यांची ही बैठक मोडली ती करीमबख्श उस्तादांनी. गावातच देवास गेटला बसस्टँडच्या मागे त्यांचं गॅरेज होतं. लढाई संपल्यावर फौजेच्या मोटारसायकली लिलावात निघाल्या होत्या आणि फिरत फिरत माळव्यात आल्या होत्या. खाकी रंगावर कुणी लाल फासलेला, कुणी हिरवा. दूधवाले, ठेकेदार, वैद्य, सगळ्यांना त्या हव्या होत्या आणि नीट ठेवता कुणालाच येत नव्हत्या. इंजिनाच्या कामात उस्तादांचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता, पण कार्बोरेटरचं बारीक काम त्यांना आवडायचं नाही. ते म्हणायचे, हे सोनाराचं काम आहे. एक दिवस ते आमच्या ओट्यावर आले, मामंजींना वाकून सलाम केला आणि रुमालात बांधलेला कार्बोरेटर त्यांच्यापुढे ठेवला. मामंजींनी पगडी उतरवली आणि मला म्हणाले, "सूनबाई, एक जुनी थाळी दे. परत चुलीजवळ जायची नाही अशी."

त्या दिवसापासून मागचं अंगण म्हणजे आमचं वर्कशॉप झालं. उस्तादांकडून रुमाल यायचा, काम होऊन परत जायचा. बिडी ओढत कुणी अंगणात यायचं नाही, आणि मी चूल विझवल्याशिवाय पेट्रोलची बाटली उघडायची नाही, हा नियम मामंजींनी पहिल्याच दिवशी घालून दिला.

मी नुसती थाळ्या-वाट्या देणारी होते. पण बघता बघता माझ्या लक्षात आलं की मामंजींचे हात कापतात. कपबशी धरताना मी ते पाहिलं होतं, वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. कार्बोरेटरपुढे ते लपेना. पेचकस पेचाच्या खाचेत बसायच्या आधी दोनदा घसरायचा. ते दुसऱ्या हाताने मनगट धरायचे. एका दुपारी जेट त्यांच्या बोटांतून सुटला आणि फरशीवर टणकन वाजून कुठेतरी गेला. आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून शोधला. तो मोरीच्या कडेला सापडला. मी तो धुतला, पुसला आणि त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "तूच बसव. डावीकडून उजवीकडे फिरव. जिथे थांबेल तिथे थांब, जोर लावू नकोस."

मी बसवला. त्यांनी बोटाने चाचपून पाहिला आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण कार्बोरेटर माझ्याकडून खोलून घेतला.  काम मी करायचं, ते खुर्चीवर बसून सांगायचे, आणि बाहेर ओट्यावर ते स्वतः रुमाल परत द्यायचे. गावाला वाटायचं विष्णुपंतांचा हात अजून तसाच आहे. गावाला तसंच वाटत राहावं, असं मलाही वाटायचं.

शिकवायला ते कडक होते. पहिल्या पहिल्यांदा मी फ्लोट चिंचेने आणि राखेने घासून देवघरातल्या समईसारखा लख्ख केला आणि कौतुकाच्या अपेक्षेने त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला आणि शांतपणे सांगितलं की राखेचा कण जेटमध्ये गेला की गाडीवाला रस्त्यात उभा राहील, तेव्हा त्याला फ्लोटची चमक दिसणार नाही. मग रॉकेलमध्ये भिजवणं, मऊ कुंचल्याने धुणं, सुती कपड्याने न पुसता वाऱ्यावर वाळवणं, हे सगळं मी शिकले. कपड्याचा धागा राखेपेक्षा वाईट. जेटमध्ये लोखंडी तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. त्याला घोड्याच्या शेपटीचा केस लागतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टांगे उभे असायचे. मी टांगेवाल्याकडे केस मागायला गेले तेव्हा त्याला वाटलं कुणाची नजर उतरवायची आहे. त्याने शेपटीला हात जोडून मोठ्या श्रद्धेने केस उपटून दिले, आणि नंतर नेहमी विचारायचा, आराम पड़ा क्या? मी सांगायची, पडला.

फ्लोटला भोक पडलं आहे का, हे कानाजवळ हलवून कळतं. आत पेट्रोल शिरलं असेल तर नारळासारखं वाजतं. मग चुलीवरून उतरवलेलं गरम पाणी अंगणात न्यायचं, त्यात फ्लोट बुडवायचा, जिथून बुडबुडे येतील तिथे खूण करायची. आतलं पेट्रोल पूर्ण उडून गेलं की तिथे कथलाचा डाग द्यायचा, तोही अगदी मुंगीएवढा. कथील जास्त झालं की फ्लोट जड होतो, बुडून बसतो आणि पेट्रोल वाहू लागतं. माझा डाग मुंगीएवढा असायचा. हे मी आज सांगते आहे. तेव्हा सांगायला कुणी नव्हतं, आणि मामंजी तोंडावर स्तुती करणाऱ्यांतले नव्हते. ते फक्त म्हणायचे, "हं. पुढचा घे."

गिऱ्हाइकं मी कमी पाहिली, पण त्यांचे कार्बोरेटर बघून माणूस ओळखता यायचा. फ्रीगंजच्या एका वैद्यबुवांच्या जेटमध्ये दर वेळी कापसाचे तंतू निघायचे. मामंजींनी चौकशी केली तेव्हा कळलं की औषधी काढा गाळतात तसं ते पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळून टाकीत ओतत. त्यांना ते शुद्ध करून घेतल्यासारखं वाटायचं. दुसरा एक दूधवाला पेट्रोल तुपाच्या डब्यात भरून ठेवायचा. त्याचा कार्बोरेटर खोलला की अंगणात लग्नघरासारखा वास सुटायचा.

पण आमचं सगळ्यात नावाजलेलं गिऱ्हाईक म्हणजे राम घाटावरचे रामेश्वरजी पंडा. त्यांच्याकडे साइडकार लावलेली फौजी मोटारसायकल होती. स्टेशनवर विधीसाठी आलेले म्हातारे यात्रेकरू उतरले की पंडाजी त्यांना साइडकारमध्ये बसवायचे, गुडघ्यांवर गाठोडं ठेवायचे आणि महाकाळच्या बाजूने घाटावर न्यायचे. अंगात सोवळं, वर कोट, डोळ्यांना फौजी चष्मा. आमच्या महाराष्ट्रातले यात्रेकरू त्यांच्याकडे फार, म्हणून त्यांना मोडकं मराठी यायचं. मला ते बहूजी म्हणायचे आणि मराठीत सांगायचे, "माझा गाडी फार धार्मिक आहे, घाटावर आला की बसतो." आणि ते खरंच होतं. त्या गाडीनेच आमच्या घरात निर्णयाची वेळ आणली.

तो काळ राज्यं नव्याने बांधायचा होता. मध्यभारत मोडून नवीन मध्यप्रदेश व्हायचा होता आणि राजधानी भोपाळला जायची होती. कचेऱ्यांतल्या कारकुनांच्या याद्या निघू लागल्या. गावातली कितीतरी मराठी घरं एकदम हलली. यजमानांनाही भोपाळचा हुकूम आला. त्यांना त्याचा आनंद होता. नवी राजधानी, नवी कचेरी, बढतीची आशा. मुलगी सुधा तेव्हा चालायला लागली होती. ते म्हणाले, सगळेच जाऊ, बाबांनाही नेऊ, हत्यारं करीमबख्शला देऊन टाकू.

मामंजी जेवता जेवता थांबले. ते एवढंच म्हणाले की एक राज्य जाताना पाहिलं, दुसरं इथे बसूनच पाहीन. उठून हात धुतले आणि अंगणात जाऊन बसले. यजमान माझ्याकडे बघत राहिले. मी ताटं उचलली. हत्यारं देऊन टाकू, हे शब्द मला कुठे लागले ते माझं मलाच कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पंडाजींची गाडी घाटावरून वर येताना हरसिद्धीच्या देवळाजवळच्या चढावर बंद पडली. साइडकारमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते. लोकांनी त्यांना गाडीसकट ढकलत वर आणलं आणि त्यांची आगगाडी चुकली. हे आता वरचेवर होत होतं. थंड असताना गाडी छान चालायची, तापली की चढावर खोकायची आणि मरायची. कार्बोरेटर आमच्याकडे येऊन गेला होता. मी तो दोनदा साफ केला होता. आत एक कण नव्हता.

पंडाजी स्वतः आले. नेहमीची थट्टा नव्हती. अमरावतीकडच्या एक वृद्ध बाई आपल्या नवऱ्याच्या अस्थी घेऊन येणार होत्या. त्यांचं कंबरेचं हाड मोडून वाकडं जुळलं होतं, टांग्यात चढता येत नव्हतं. साइडकार जमिनीलगत, त्यात बसता येईल, म्हणून त्यांनी यायचं धाडस केलं होतं. सोबत फक्त पुतण्या. पंडाजी म्हणाले, "बहूजी, पंतजी से कहना, उतरताना मी त्यांना नेईन. पर वापस चढ़ाना है. रस्त्यात त्या बाईंना लोकांनी ढकलत न्यावं, हे मला सहन होणार नाही."

पंतजींना सांगायचं कसं? मामंजी तापाने फणफणलेले होते. भोपाळच्या बोलण्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं होतं. उस्तादांनी कार्बोरेटर काढून रुमालात बांधून पाठवला, आणि पहिल्यांदाच मी तो एकटीने उघडला. खुर्ची रिकामी होती.

पुन्हा सगळं खोललं. जेट उजेडाकडे धरला, भोकातून आभाळाचा ठिपका स्वच्छ गोल दिसला. फ्लोट हलवला, वाजला नाही. सुई सरळ. मी धुऊन सगळे भाग खिडकीच्या गुळगुळीत दगडावर वाळत ठेवले. कार्बोरेटरचं मुख्य धड पालथं ठेवलं, म्हणजे ज्या सपाट तोंडाने ते इंजिनाला चिकटतं ते तोंड खाली. त्या तोंडाला दोन बाजूंना दोन कान असतात, त्यांतून बोल्ट जातात. सुधाला दूध पाजून परत आले, धड उचललं आणि दगडावर रॉकेलचा ओला ठसा दिसला. दोन कानांचे दोन ठसे होते. मधलं वर्तुळ, जिथून खरं तर सगळा वारा जातो, ते दगडाला टेकलंच नव्हतं. तिथला दगड कोरडा होता.

मी पुन्हा ओलं करून ठेवलं. पुन्हा तेच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही गाडी फौजेत किती हातांतून गेली असेल. प्रत्येकाने बोल्ट जरा जास्तच आवळले. कान पुढे ओढले जाऊन तोंड वाकलं होतं, आणि मधल्या फटीतून इंजिन चोरून हवा ओढत होतं. गार असताना भागायचं. तापलं, चढ लागला, की ती जास्तीची हवा गाडीचा श्वास तोडायची. माझ्या साफसफाईत काही कमी नव्हतं. आजार दुसरीकडे होता.

उपाय मामंजींनी एकदा बोलता बोलता सांगितला होता. अगदी सपाट काचेवर बारीक रेजमाल, म्हणजे घासायचा कागद, पसरायचा आणि तोंड त्यावर हलक्या हाताने घासत सपाट करायचं. पण काच खरोखर सपाट हवी. आमचा आरसा लाटालाटांचा होता, त्यात तोंडसुद्धा लांबट दिसायचं. मी घरभर काच शोधत होते. कपाटं उघडण्याचा आवाज ऐकून मामंजींनी आतून हाक मारली. मी त्यांच्या खाटेपाशी गेले आणि दगडावरच्या ठशांचं सांगितलं.

ते ऐकत राहिले. मग खाटेवर उठून बसले. समोरच्या भिंतीवर सरकारांची तसबीर होती, मोटारखान्यातल्या लोकांना दरबाराकडून मिळालेली, चांगल्या लाकडी चौकटीत. दसऱ्याला तिला हार घातला जायचा. मामंजी भिंतीला धरून उभे राहिले, तसबीर उतरवली, उलटी करून मांडीवर घेतली आणि मागचे खिळे नखांनी काढू लागले. हात कापत होते. मी पुढे झाले तर त्यांनी मला थांबवलं. वेळ लागला, पण खिळे त्यांनीच काढले. काच बाजूला केली, फोटो परत चौकटीत ठेवला.

"विलायती काच आहे. एवढी सपाट दुसरी मिळायची नाही. घे."

मी म्हटलं, "मामंजी, ही नको. घासताना ओरखडे पडतील."

"पडू देत," ते म्हणाले. "आता काम तुझ्या हातात आहे. लागेल ते माग."

मी काच अंगणात फरशीवर ठेवली, रेजमाल पसरला आणि घासायला बसले. गोल गोल, मग उलटे गोल, हाताचा भार दोन्हीकडे सारखा. मधे मधे ओलं करून दगडावर ठसा पाहत होते. दोन ठशांमध्ये हळूहळू कडा दिसू लागली, चतकोर, मग अर्धी. मामंजी पांघरूण गुंडाळून दारात येऊन बसले होते. एक वेळ आली, ठशात पूर्ण वर्तुळ उमटलं. मी हात थांबवला. मामंजी म्हणाले, अजून जरा घे. मी म्हटलं, "नाही. आता बास." त्यांनी तोंडावरून बोट फिरवलं, डोळे मिटून, दोन्ही बाजूंनी. मग म्हणाले, "हो. बास."

त्यांचं म्हणणं मी त्या एकदाच ऐकलं नाही, आणि माझ्या कामाच्या आयुष्यातला तो क्षण मला सगळ्यांत आवडतो.

कार्बोरेटर न्यायला उस्ताद स्वतः आले. मामंजी परत खाटेवर पडलेले, हात पांघरुणाबाहेर. उस्तादांनी ते थरथरते हात पाहिले आणि नजर वळवली. मी बोल्ट जास्त न आवळण्याचं सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे. दारापर्यंत गेले आणि वळून मला म्हणाले, "बहू, पंत साब पेच कसने के बाद ज़रा-सा ढीला करके फिर कसते थे. तुम सीधा कसती हो. मैं बरसों से देख रहा हूँ."

 मी विचारलं, "तो आपने कभी कहा क्यों नहीं?"

"काम में खोट होती, तो कहता."

ते गेले. आतून मामंजींचा आवाज आला. म्हणाले, बरं झालं, उस्तादला माहीत होतं, आता ओट्यावर उगाच हात खिशात घालून बसायला नको. त्यांनी हात खिशात घालून बसण्याचं कारण मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मी त्यांना पाहिलं नाही. आमचं घर कार्तिक चौकात, घाटाच्या वाटेजवळ. सकाळी फौजी मोटारसायकल खाली उतरत गेल्याचा आवाज आला. मी स्वयंपाक केला, सुधाला भरवलं, पण कान बाहेर होते. यजमान त्या दिवशी घरी होते, भोपाळला न्यायच्या ट्रंका बांधत होते. मामंजींचा ताप उतरला होता, ते उठून बसले होते. दुपार झाली तेव्हा खाली घाटाकडे गाडी सुरू झाली. आवाज चढाला लागला. ओझं होतं, आवाज जड झाला. मी मनात म्हटलं, इथेच खोकते ती. ती खोकली नाही. आवाज एकसारखा, गंभीर, वर वर येत गेला, हरसिद्धीपाशी वळला आणि महाकाळच्या बाजूला दूर दूर जात नाहीसा झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं मला सुचत नव्हतं. यजमान दोरीची गाठ हातात धरून माझ्याकडे पाहत होते.

मी म्हटलं, "मला हे काम सोडायचं नाही."

"बाबांसाठी म्हणतेस?"

"नाही. माझ्यासाठी."

 त्यांना आजवर वाटत होतं की मी म्हाताऱ्याचं मन राखते आहे. वाईट माणूस नव्हते ते. फक्त हा विचार त्यांच्या वाटेवर कधी आला नव्हता. माझ्याही वाटेवर त्या दुपारपर्यंत आला नव्हता. शेवटी त्यांनी एका ट्रंकेची दोरी सोडली आणि माझी लुगडी, सुधाचे कपडे काढून परत कपाटात ठेवू लागले. म्हणाले, तिथे बायकामुलांसाठी क्वार्टर मिळायला तशीही वेळ लागणार आहे.

ते भोपाळला एकटे गेले. एका खोलीत चार कारकून राहायचे, हाताने भात शिजवायचे. सुट्टी मिळाली की यायचे. सुधा पहिल्यांदा त्यांना बघून माझ्या पदराआड लपायची. त्यांनी आणलेला पेढा ती आजोबांच्या हातूनच घ्यायची. ते दुःख मला आहे आणि ते मी झाकत नाही. जे काम मला हवं होतं त्याची किंमत त्या दोघांनी माझ्याबरोबर भरली. सुधा आज म्हणते की तिला ते काही आठवत नाही. यजमान तो विषय निघाला की चहा टाकायला उठतात.

त्या वर्षांत मामंजी ओट्यावर बसायचे आणि आलेल्या माणसाला सरळ आत पाठवायचे. रुमाल परत द्यायला मी बाहेर येऊ लागले. पहिल्यांदा लोक मामंजींकडेच बघून बोलायचे, नंतर माझ्याकडे बघून बोलू लागले. पंडाजींनी सगळ्या घाटाला सांगितलं होतं, त्यामुळे कधी कधी एखादी यात्रेकरू बाईसुद्धा मला पाहायला यायची आणि निराश होऊन जायची, कारण मी अगदी साधी दिसायची. मामंजी गेले ते झोपेत, शांतपणे. शेवटपर्यंत समोर आलेला फ्लोट स्वतः हलवून ऐकायचा त्यांचा हट्ट होता. कापणाऱ्या हातांमुळे फ्लोट आपोआप हलायचा, आणि ते म्हणायचे, हे काम तेवढं मला अजून जमतं.

मग मी सुधाला घेऊन भोपाळला गेले. क्वार्टर मिळालं होतं. ओळीने सारखी घरं, लाल माती, नळाला पाणी ठरावीक वेळी. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. महाकोशलचे, विंध्यप्रदेशचे, आमच्याकडचे, सगळे नव्या राज्याचे नवे लोक. मी हत्यारं सामानाच्या तळाशी घातली होती. यजमानांना तिथे संकोच होईल असं मला वाटत होतं, त्यांचे साहेब जवळच राहायचे. मी ठरवलं होतं, काही दिवस थांबावं, मग हळूच विषय काढावा.

पहिल्याच रविवारी सकाळी शेजारचे तिवारीजी, यजमानांच्याच कचेरीतले, आपल्या मोटारसायकलला लाथा मारून घामाघूम झाले होते. दाराशी चार-सहा माणसं सल्ला देत उभी. मी खिडकीतून पाहत होते. आवाजावरून मला कळलं होतं की भांड्यात पेट्रोल येत नाही, पण मी जागची हलले नाही. यजमान दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते बाहेर गेले, माणसांतून वाट काढत गाडीपाशी पोचले आणि म्हणाले, "तिवारीजी, कार्बोरेटर खोलवा लीजिए. हमारे घर में होता है यह काम."

तिवारीजींनी विचारलं, "आप करते हैं?"

"मैं नहीं. ये करती हैं," यजमान म्हणाले आणि घराकडे वळून मला हाक मारली.

मी पदर खोचला, ट्रंकेच्या तळातून पेचकस काढला आणि उन्हात बाहेर आले.